पिल्ले सर्वांत शेवटी आणा

सातारा जिल्ह्यातील एका गावातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर हे कुटुंब पुण्याहून गावच्या घरी राहायला आले. पती नोकरीसाठी पुण्यातच असतात आणि शनिवारी रात्री गावी येतात. त्या स्वतः शिक्षिका आहेत. घरामागे मोकळे परस आहे आणि आठ वर्षांच्या मुलीने मे महिन्याच्या सुट्टीत कोंबडीची पिल्ले आणण्याचा हट्ट धरला आहे. गावात दर आठवड्याला मोटारसायकलला खोकी बांधून एक विक्रेता येतो, त्याच्याकडून डझनभर ‘गावरान’ पिल्ले घ्यावीत, असा बेत आहे. पतींचे मत, आणायच्याच तर मोठ्या कोंबड्या आणाव्यात. सासूबाई माळकरी आहेत आणि त्यांचे म्हणणे, “कोंबडी आली की सुरी आली.” पत्राच्या शेवटी त्या लिहितात, “आम्हाला फक्त अंडी हवी आहेत, तीही विकतच्यापेक्षा स्वस्त पडतील. कोंबडे निघालेच तर पुढचे पुढे पाहू. सासूबाईंना कसे समजावू आणि पहिल्यांदाच पिल्ले आणताना काय काळजी घेऊ?”

ताई,

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत आणि त्यांचा क्रम योग्य आहे. सासूबाईंच्या आक्षेपाचा निकाल लागेपर्यंत पिल्लांच्या काळजीबद्दलची कितीही माहिती दिली, तरी ती तुमच्या कामी येणार नाही. मात्र त्या आक्षेपाकडे तुम्ही समजूत घालण्याची बाब म्हणून पाहत आहात, तेथेच मला थोडे थांबावेसे वाटते, कारण तुमच्या बेतातली सर्वांत कच्ची जागा सासूबाईंनी अचूक हेरली आहे, असे मला वाटते.

अंड्यातून बाहेर पडणाऱ्या पिल्लांत नर आणि मादी जवळपास निम्मे-निम्मे असतात आणि परसातल्या पाळणुकीच्या जातींची एक दिवसाची पिल्ले बहुधा निवड न करताच विकली जातात. म्हणजे तुमच्या डझनातले पाच-सहा, कदाचित सात, कोंबडे निघणार हे जवळजवळ ठरलेलेच आहे. सहा-आठ आठवड्यांत त्यांचे तुरे लाल दिसू लागतात आणि चार-पाच महिन्यांचे होईपर्यंत ते आरवू लागतात, एकमेकांवर झेपावतात आणि कोंबड्यांच्या पाठीवरची पिसे ओरबाडून काढतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो, आणि तुम्हाला पिल्ले काढायची नसतील तर त्या एकाचीही गरज नाही, कारण कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी देते. उरलेल्यांचे काय करायचे? ते विकले तर विकत घेणारा ते कापणार. कुणाला भेट दिले तरी बहुतेक वेळा तेच होणार. सासूबाईंच्या वाक्याचा अर्थ एवढाच आहे, आणि तो खोडून काढता येईल असे मला वाटत नाही.

मोटारसायकलवरच्या पिल्लांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी टोकाचा होऊ शकतो. अंड्यांच्या व्यापारी जातींच्या उबवणी केंद्रांना नर पिल्लांचा उपयोग नसतो, त्यामुळे ती अत्यंत कमी दरात बाहेर पडतात आणि अनेकदा अशाच फिरत्या विक्रेत्यांमार्फत गावोगाव आणि आठवडी बाजारांत ‘गावरान’ म्हणून विकली जातात. जत्रेत गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिल्ले तुम्ही पाहिली असतील, त्यांतली बरीचशी हीच असतात. तुमच्याकडे येणारा विक्रेता तसा आहे, असे मी म्हणत नाही. पण पिल्ले कोणत्या केंद्रातून आणली, किती दिवसांची आहेत आणि पहिल्या दिवशीची मरेक रोगाची लस त्यांना टोचली आहे का, या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे त्याच्याकडे नसतील, तर त्याच्याकडून एकही पिल्लू घेऊ नका. बाराच्या बारा कोंबडे निघाले, तर मुलीने लळा लावून वाढवलेल्या त्या कोंबड्यांचे काय करायचे, हे ठरवण्याची वेळ नेमकी गणपतीच्या सुमारास तुमच्यावर येईल.

म्हणून सासूबाईंना समजावण्याऐवजी त्यांना विचारा. त्यांना नेमके काय नको आहे? आवारात जीव घेतला जाणे नको आहे, स्वयंपाकघरात अंडे शिजणे नको आहे, की कोंबड्यांची विष्ठा अंगणात आणि तुळशीपाशी पडणे नको आहे? या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि तिन्हींवरचे उपायही वेगवेगळे आहेत. अंड्यांसाठी वेगळे पातेले आणि पडवीत वेगळी शेगडी ठेवता येते. परसाला कुंपण घालून कोंबड्या अंगणात येणार नाहीत, असे करता येते. आवारात कोंबडी कधीही कापली जाणार नाही, हा शब्दही देता येतो. मात्र तो देताना म्हाताऱ्या कोंबड्यांचाही विचार करा. कोंबडी पहिली दोन-तीन वर्षे चांगली अंडी देते, पण ती त्यानंतरही कित्येक वर्षे जगू शकते. अंडी न देणाऱ्या कोंबडीला शेवटपर्यंत दाणा घालण्याची तुमची तयारी असेल, तरच तो शब्द द्या. आणखी एक विनंती अशी, की कोंबड्याविना घातलेल्या अंड्यात जीव नसतो, हा युक्तिवाद सासूबाईंपुढे करू नका. तो शास्त्राच्या दृष्टीने खरा आहे, पण त्यांनी माळ घातली ती शास्त्राचा दाखला पाहून नव्हे. त्यांचे पथ्य त्यांनाच ठरवू द्यावे.

घरची अंडी स्वस्त पडतील, हे दुसरे गृहीतकही जरा तपासून घ्या. मोठी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे सहा कोंबड्यांना महिन्याला 20 किलोच्या आसपास खाद्य लागते. परसात चरायला सोडल्यावर किडे, कोवळे गवत आणि घरातले उरलेसुरले अन्न मिळून हा खर्च बराच कमी होतो, पण तो संपत नाही. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला 60-80 अंडी देते आणि तिचे पहिले अंडे मिळायला सहा-सात महिने लागतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेल्या वनराज आणि ग्रामप्रिया, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठातली गिरिराज अशा सुधारित जाती यापेक्षा बऱ्याच जास्त अंडी देतात आणि त्यांची पहिली अंडी साडेपाच-सहा महिन्यांत मिळू लागतात. त्यातही ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी, तर गिरिराज आणि वनराज अंडी व मांस अशा दोन्हींसाठी आहेत, तेव्हा तुमच्या घराला पहिलीच अधिक शोभेल. पण पहिल्या वर्षी खुराडे, जाळी आणि खाद्य यांचा खर्च धरला, तर तुमचे अंडे बाजारापेक्षा महागच पडेल. ताजी अंडी, परसाला मिळणारे खत आणि मुलीला एका जिवाची जबाबदारी घेता येणे, ही कारणे कोंबड्या पाळायला पुरेशी आहेत. बचतीसाठी मात्र त्या आणू नका.

आता मे महिन्याविषयी. सुट्टीत आणलेली पिल्ले जूनच्या मध्यावर तीन-चार आठवड्यांची होतील, नेमकी तेव्हाच शाळा सुरू होईल आणि पाऊसही. तीन ते सहा आठवडे हे वय रक्ती हगवणीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असते. पिल्लांखाली पसरलेल्या तुसाच्या गादीला ओल आली, की या रोगाचे जंतू झपाट्याने वाढतात आणि जूनअखेरच्या सातारी पावसात गादी कोरडी ठेवणे जाणत्या माणसालाही जड जाते. त्यात तुम्ही दिवसभर शाळेत, पती पुण्यात, म्हणजे वाकून खोक्यात पाहण्याचे काम गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आणि मुळात कोंबड्या नको असलेल्या सासूबाईंवर येणार. मला हा त्यांच्यावर अन्याय वाटतो.

तुमच्या घराची ही परिस्थिती पाहता माझा कौल तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना आहे. दहा-बारा आठवड्यांच्या, लसीकरण पूर्ण झालेल्या सुधारित जातीच्या पाच-सहा तलंगा दिवाळीच्या सुट्टीत, फटाक्यांचे दिवस ओसरल्यावर आणा. या वयात नर-मादी डोळ्यांनी ओळखता येतात, त्यामुळे कोंबड्यांचा प्रश्नच उद्भवत नाही. ऊब देण्याची गरज संपलेली असते, हवा कोरडी असते आणि माघ-फाल्गुनात पहिली अंडी हाती येतात. पती म्हणतात तशा पूर्ण वाढलेल्या कोंबड्या मी सुचवत नाही, कारण बाजारात विकायला आलेली मोठी कोंबडी बहुधा अंडी कमी झाल्यामुळे किंवा आजारामुळेच आलेली असते आणि तिचे खरे वय सांगणे कठीण असते.

तिसरा मार्ग मला स्वतःला सर्वांत आवडतो, पण तो पुढच्या वर्षासाठी ठेवा. गावात कुणाची गावरान कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालणे थांबवून बसून राहू लागली, की तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवून ती रवणीला, म्हणजे उबवायला बसवायची. एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात आणि त्यांना ऊब देणे, दाणा टिपायला शिकवणे, घार दिसताच पंखाखाली घेणे हे सारे ती आईच करते. तुमच्या मुलीला खरे तर हेच पाहायला हवे आहे, असे मला तिच्या हट्टावरून वाटते. मात्र त्यातही निम्मे कोंबडे निघतील, म्हणून तो निर्णय सासूबाईंशी बोलल्यावरच घ्यावा.

अनेक वाचक एक दिवसाची पिल्लेच आणतात आणि कदाचित तुम्हीही कधी आणाल, म्हणून त्यांच्या काळजीबद्दल आता सविस्तर लिहिते. सगळ्यांत मुख्य गोष्ट अशी, की पिल्ले सर्वांत शेवटी घरी आणायची असतात. त्याआधी ऊबघर तयार हवे, खाद्य घरात हवे, मोठे खुराडे निदान उभे राहू लागलेले हवे आणि लस कोण देणार हे ठरलेले हवे. पिल्ले आधी आणून मग धावपळ करणाऱ्या घरांतच पहिल्या आठवड्यातली मरतूक जास्त होते. पिल्ले घ्यायची ती पशुसंवर्धन विभागाच्या उबवणी केंद्रातून किंवा त्या विभागाने सुचवलेल्या केंद्रातून घ्यावीत. पुण्यात खडकीला विभागाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तेथे नोंदणी कशी करायची आणि तुमच्या जवळचे केंद्र कोणते, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

दहा-बारा पिल्लांना ऊबघर म्हणून फ्रिजचे किंवा वॉशिंग मशीनचे पुठ्ठ्याचे खोके पुरते. त्याचे कोपरे आतून पुठ्ठा वाकवून गोल करा, कारण घाबरलेली किंवा गारठलेली पिल्ले कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. तळाला दोन-तीन इंच भाताचे तूस पसरा. पहिल्या दिवशी पिल्लांनी तूस खाऊ नये म्हणून त्यावर वर्तमानपत्र घालण्याची पद्धत आहे, पण गुळगुळीत कागदावर पाय फाकून ते कायमचे अधू होतात, म्हणून कागदाऐवजी जुने खरखरीत गोणपाट घालावे आणि दोन दिवसांनी काढून टाकावे. उबेसाठी जुन्या पद्धतीचा तारेचा बल्बच हवा, कारण एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. साठ वॅटचा एक बल्ब लावण्यापेक्षा चाळीसचे दोन लावा, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा राहतो. ते तुसापासून दीड फूट वर, वायरवर न लोंबता पक्क्या तारेने बांधलेले असावेत. तुसात पडलेल्या तापल्या बल्बने आग लागते. वीज गेल्यास गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवावी. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही ठेवू नये.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर सुमारे 35 अंश तापमान हवे आणि पुढे दर आठवड्याला ते अडीच-तीन अंशांनी उतरवत न्यावे. तापमापक असेल तर उत्तम, पण पिल्लांकडे पाहूनही सगळे कळते. सगळी बल्बखाली एकमेकांना चिकटून उभी राहून सतत तीक्ष्ण चिवचिवाट करत असतील, तर त्यांना थंडी वाजते आहे, बल्ब खाली घ्या. भिंतींच्या कडेला पांगून, पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील, तर उकाडा होतो आहे. एका बाजूलाच गोळा झाली असतील, तर दुसरीकडून वारा लागतो आहे. खोकेभर विखुरलेली, काही दाणा टिपणारी, काही पाय ताणून एका कुशीवर झोपलेली दिसली, की ऊब बरोबर आहे. नवख्या माणसाला ती कुशीवर पडलेली पिल्ले मेल्यासारखी वाटतात आणि तो घाबरतो, तसे घाबरू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसा खोलीच 36-37 अंशांवर जाते, तेव्हा बल्ब फक्त रात्री लागतो. दिवसा लावून ठेवलेला बल्ब पिल्लांना भाजून काढतो.

पोटात उरलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरते, म्हणून प्रवास सोसतो, पण घरी पोचताच आधी पाणी द्यायचे, दाणा नंतर. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून प्रत्येक पिल्लाची चोच त्यात एकदा हलकेच बुडवा. एकदा घोट घेतला, की पुढे ते आपणहून पिते. भांडे उथळ असावे आणि त्यात खडे टाकावेत, कारण दोन बोटे पाण्यातही पिल्लू बुडून मरते. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा द्या आणि दुसऱ्या दिवसापासून वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेले चिक स्टार्टर हे पिल्लांचे खाद्य आठ आठवड्यांपर्यंत चालू ठेवा. नुसत्या तांदळाच्या कण्या आणि भातावर पिल्ले जगतात, पण खुरटतात. घरात मोठ्या कोंबड्यांचे लेअर खाद्य असेल तर ते पिल्लांना घालू नका, त्यातले जास्तीचे कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधते.

पहिला आठवडा रोज सकाळी एकेक पिल्लू हातात घेऊन उलटे करून पाहा. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली असेल तर गुदद्वार बंद होते आणि पिल्लू दोन दिवसांत दगावते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती मऊ करून काढा, ओढून काढू नका, आणि जागा कोरडी करूनच पिल्लू परत ठेवा. हे काम तुमची मुलगी तुमच्या देखरेखीखाली नीट करू शकेल. मात्र पिल्लांना हात लावल्यावर साबणाने हात धुणे आणि त्यांचा मुका न घेणे, हे दोन नियम पहिल्याच दिवशी घालून द्या, कारण धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि लहान मुलांना व वयस्कर माणसांना त्यांचा त्रास अधिक होतो.

लसीकरणाची एक अडचण फारसे कुणी सांगत नाही. राणीखेत, ज्याला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, तो रोग एकदा आला की खुराडेच्या खुराडे रिकामे करतो आणि त्यावर उपचार नाही. पाच ते सात दिवसांच्या वयात लासोटा या राणीखेतच्या लसीचा एक थेंब डोळ्यात, दोन आठवड्यांच्या वयात गंबोरो रोगाची लस, चार आठवड्यांच्या वयात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी लस असा सर्वसाधारण क्रम असतो. पण लसीची बाटली शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी ती कुणी फोडत नाही. म्हणून पिल्ले आणण्याआधीच गल्लीतल्या आणखी पाच-सात घरांशी बोलून एकच दिवस ठरवा आणि दवाखान्यातल्या पशुधन पर्यवेक्षकांना त्या दिवशी बोलवा. लस सकाळच्या गारव्यात द्यावी आणि आजारी पिल्लाला देऊ नये.

खुराड्याला मोठ्या षटकोनी जाळीऐवजी अर्धा इंची जाळी लावा, मोठ्या जाळीतून उंदीर आणि सापाची पिल्ले आत येतात. मुंगूस खालून उकरते, म्हणून जाळी जमिनीत फूटभर गाडावी किंवा तळाला फरशी घालावी. खाद्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. उंदीर आले की त्यांच्यामागून साप येतोच. मोठ्या कोंबडीला रात्रीच्या निवाऱ्यात दोन-तीन चौरस फूट जागा पुरते, दिवसा मात्र तिला मोकळे परस हवे. आणि कधी एकाच दिवशी तीन-चार पक्षी अचानक मेले, तर ते उघड्या हातांनी उचलू नका, ओढ्यात टाकू नका, कुणाला खायलाही देऊ नका, आधी दवाखान्याला कळवा. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापूरला देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला, तेव्हा बाधित क्षेत्रातल्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या.

मुलीला ही सुट्टी रिकामी जाईल असे वाटू देऊ नका. खुराड्याची जागा ठरवणे, मापे घेणे, पतींच्या रविवारी जाळी ठोकणे ही कामे पावसाआधीच उरकायला हवीत आणि त्यांत तिला खरे काम आहे. एक पावसाळा गेला, की छत कुठे गळते आणि पाणी कुठे साचते हेही कोंबड्या येण्याआधीच कळेल. पुढे कधी पिल्ले आणलीत आणि कोंबडे कुणाला द्यावे लागले, तर “ते शेतावर राहायला गेले” असे तिला सांगू नका. आठ वर्षांच्या मुलीला खरे काय ते आधीच सांगितले, तर ती ते सोसते. खोटे उघडे पडले, की ती तुमच्यावर रागावेल आणि तो राग रास्त असेल.

हे सारे बोलून झाल्यावरही सासूबाई नकोच म्हणाल्या, तर माझा सल्ला थांबण्याचा आहे. घर त्यांचेही आहे आणि शस्त्रक्रियेनंतरच्या या काळात त्यांना घराबाहेर दुसरी जागा नाही, तुमच्या मुलीला मात्र आहे. गावात कोंबड्या पाळणारे एखादे घर निश्चितच असेल. त्यांच्या खुराड्यात मुलीच्या नावाच्या दोन तलंगा ठेवता येतील का, असे त्यांना विचारा. त्यांचे खाद्य तुम्ही द्या, सकाळी दाणा घालायला आणि संध्याकाळी खुराडे बंद करायला मुलगी जाईल आणि अंडी दोन्ही घरांनी वाटून घ्यावीत. मात्र त्या दोन तलंगांचे पुढे काय करायचे, हेही त्या घराशी आधीच बोलून घ्या.